आप्पांचं वावर आणि मायचा प्रश्न

प्रकरण अमळनेर तालुक्यातलं. कुटुंब नमुन्यादाखल उभं केलेलं आहे, पण त्यातला कागद, कायदा आणि पेच खानदेशातल्या कुठल्याही गावात भेटेल असाच आहे.

आप्पा ७८ वर्षांचे, माय ७२. सातबाऱ्यावर आप्पांच्या एकट्याच्या नावाने ९ एकर. त्यातले ६ एकर वडिलांकडून आलेले, ३ एकर त्यांनी १९९४ साली कापसाच्या पैशांतून खरेदी केलेले. विहीर या ३ एकरांतच आहे, म्हणजे खरी किंमत तिथे. गावातल्या घराच्या नमुना ८ वर आप्पांचंच नाव. बँकेत मुदत ठेव, पोस्टात थोडे पैसे, मायचं सोनं. थोरला सुरतला कापड बाजारात नोकरीला. मधला २०२१ साली वारला, त्याची बायको आणि शाळकरी मुलगा गावातच राहतात. धाकटा वावर करतो. लेक धुळ्याला दिलेली.

विषय काढला धाकट्याने, आणि त्याची अडचण खोटी नव्हती. पंधरा वर्षं तोच राबतोय, पण पीककर्ज आप्पांच्या नावाने, विकास सोसायटीचं सभासदत्व आप्पांचं, पीकविम्याची भरपाई आप्पांच्या खात्यात, ठिबकच्या अनुदानाला सही आप्पांची. आता आप्पांना बँकेत नेणं जिकिरीचं झालं आहे. गेल्या वर्षापासून ते तारखा विसरतात, एकदा एकाच मजुराला दोनदा मजुरी देऊन बसले. सगळं आत्ताच नावावर करून घ्यावं, असं धाकट्याला वाटलं. त्याला दुष्ट ठरवलं तर हे प्रकरण कळणारच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली. तोपर्यंत तालुक्याहून दोन मसुदे टाइप होऊन आले होते. एक, आप्पांनी धाकट्याला ९ एकरांचं बक्षीसपत्र करून द्यायचं. दुसरा, ताईचं हक्कसोडपत्र. महाराष्ट्रात आई-वडिलांनी मुलाला शेती किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. ‘दोनशे रुपयांत काम होतंय’ हे वाक्य त्या दिवशी घरात सगळ्यांनी ऐकलं. थोरला फोनवर म्हणाला, वावर नको, पण घरात हिस्सा पाहिजे. ताई सहीला तयार होती, कारण माहेर तुटायला नको. मधल्या सुनेला कोणी विचारलंच नाही. आप्पा म्हणाले, आणा कागद.

मायने एवढंच विचारलं, “अन् मन्हं काय?”

उत्तर लगेच आलं, तुला कोण टाकणार आहे! ते मनापासूनच होतं. पण ७२ वर्षांच्या बाईच्या नावावर एक गुंठाही नसताना असा भरवसा पुरत नाही. माझं म्हणणं असं आहे की, म्हातारपणाच्या मालमत्तेची कुठलीही व्यवस्था एकाच मापाने मोजावी: नवरा गेल्यावर दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातात कायद्याने काय उरतं? मुलांच्या वाटण्या त्यानंतर.

पेटीतून काय निघालं

‘वडिलोपार्जित’ हा शब्द आपण सैल वापरतो. वडिलांकडून आलं ते सगळं वडिलोपार्जित, असं लोक धरतात. कायदा तसं म्हणत नाही. वडिलांची स्वकष्टाची जमीन १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलाला वारस म्हणून मिळाली, तर ती त्याच्या हातात त्याची स्वतंत्र मालमत्ता असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणून आजच्या सातबाऱ्यावर थांबून चालत नाही, मागचे फेरफार काढावे लागतात. इथे तहसीलच्या अभिलेख कक्षातून निघालेल्या जुन्या नोंदीत दिसलं की ते ६ एकर आप्पांच्या वडिलांना १९५६ च्या आधी भावांच्या वाटणीत मिळाले होते. म्हणजे खरोखरच एकत्र कुटुंबाची जमीन. तिच्यात मुलांचा हक्क जन्माने येतो.

मुलींचाही. याच कायद्यातली २००५ ची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील जिवंत असले काय, नसले काय, मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र मालमत्तेतली हिस्सेदार आहे, असं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असती तर गोष्ट वेगळी होती. इथे झालेली नव्हती. ताईचं लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, याचा हिश्श्याशी संबंध नाही.

हिशेब मांडला तर आप्पा आणि चार मुलं असे पाच हिस्सेदार होतात. शिवाय नवरा आणि मुलं यांच्यात वाटणी होते तेव्हा आपल्याकडच्या हिंदू कायद्यात बायकोलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही, पण वाटणी झाली की तिला वगळता येत नाही. म्हणजे सहा हिस्से, प्रत्येकी एक एकर. मधल्याचा एकर त्याच्या मागे राहिलेल्यांकडे जातो. त्यात नातवाचा जन्माचा हिस्सा आधी वेगळा काढायचा आणि मधल्याच्या वाट्याला जे उरेल त्यात वारस तिघे: बायको, मुलगा आणि माय. आईच्या आधी गेलेल्या मुलाची आई ही पहिल्या वर्गातली वारस असते, हे गावात जवळजवळ कोणाला माहीत नसतं. मधल्याच्या बँकेतल्या पैशांतही मायचा तिसरा हिस्सा होता. तिने तो सून आणि नातवासाठी सोडला हा तिचा मोठेपणा, पण सोडण्याआधी तो तिचा होता.

मग ९ एकरांच्या बक्षीसपत्राचं काय? एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा बाकीच्या सहदायादांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, दिला तर ते बक्षीस रद्दबातल. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हे सांगितलेलं आहे. आप्पांनी दोनशे रुपयांचा तो कागद केला असता तर ६ एकरांपुरता तो उभाच राहिला नसता, आणि धाकट्याच्या हातात जमिनीऐवजी अमळनेर कोर्टातला दावा आला असता.

फेरफार शोधताना मायच्या पेटीत आणखी एक गोष्ट सापडली: विप्रोची जुनी कागदी शेअर प्रमाणपत्रं. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरलाच वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली आणि तालुक्यातल्या अनेक घरांत तिचे जुने शेअर आहेत. आप्पांनी तरुणपणी थोडे घेतले आणि विसरून गेले. अशा शेअरवर अनेकदा बोनस मिळालेले असल्याने जुन्या कागदावरचा आकडा आजचा आकडा नसतो. घर वावरावरून भांडायच्या तयारीत होतं, आणि या कागदाची किंमत कदाचित वावराच्या तोडीची होती.

असे कागद सापडले तर दोन गोष्टी तपासाव्यात. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. ते परत मिळतात, पण अर्ज आणि कागदपत्रांची मोठी खटपट करावी लागते, आणि मूळ धारक हयात असताना ती बरीच सोपी असते. दुसरं, १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकता किंवा हस्तांतरित करता येत नाहीत, आधी डीमॅट करावं लागतं. आप्पांची सही आज जुळते. उद्या हात थरथरला की जुळणार नाही.

काहीच केलं नाही तर

बक्षीसपत्र बाजूला ठेवलं तेव्हा थोरला म्हणाला, मग राहू द्या तसंच, नंतर वारस लागतील. हाही एक पर्याय आहे, म्हणून त्याचा हिशेब केला.

आप्पांचे एकूण ४ एकर, म्हणजे एकत्रातला स्वतःचा एक आणि खरेदीचे तीन. मृत्युपत्र नसेल तर त्याचे पाच वाटे: माय, थोरला, धाकटा, ताई आणि मधल्याची शाखा. प्रत्येकी ३२ गुंठे, आणि मधल्याच्या शाखेतले ३२ पुन्हा सून आणि नातू यांच्यात १६-१६. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. विहिरीच्या पाण्याबाहेर पडलेला १६ गुंठ्यांचा तुकडा स्वतंत्र करून मिळणं मुश्कील. घराचेही पाच वाटे. मायच्या डोक्यावरच्या छपरात तिचा एक पंचमांश, आणि बाकीच्यांपैकी कोणीही वाटप मागू शकतो. थोरला तर घर विकायचं उघड बोलत होता.

तेव्हा वारस लागतील हे खरं. माय त्यांच्यातली एक असेल, एवढंच.

इथे नॉमिनीचा गैरसमजही निघाला. बँकेतल्या ठेवीला धाकटा नॉमिनी होता आणि पैसे आपलेच असं तो धरून चालला होता. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. नॉमिनीने ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. शेअरच्या बाबतीतही नामनिर्देशन वारसाहक्काच्या वर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालात सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर पैसे त्यांच्या हक्काचे होतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आप्पांनी मायचं नाव लावलं.

बक्षीसपत्र, पण कोणी आणि कशावर

मग धाकट्याचा प्रश्न उरतोच. त्याचा एक एकर त्याचाच आहे. सगळ्यांच्या संमतीने वाटणीपत्र आणि महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, एवढ्यात तो त्याच्या नावावर येतो. ४० गुंठे असल्याने तुकडेबंदीही आड येत नाही. स्वतःचा सातबारा झाला की सोसायटी, कर्ज, अनुदान या वाटा मोकळ्या होतात. त्याची जी खरी नड होती ती बापाची सगळी मालकी न काढताही भागते. हे आधीच कोणी समजावलं असतं तर नऊ एकरांचा मसुदा टाइपच झाला नसता.

आप्पांना तरीही त्याला जास्त द्यायचं होतं, आणि ते न्याय्यच होतं. इथे ज्येष्ठांच्या कायद्याकडे नीट पाहावं लागतं. एकदा दिलेलं बक्षीस मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचं कलम २३ हा अपवाद आहे: सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. न्यायाधिकरण म्हणजे आपलं प्रांत कार्यालय. तिथे निर्वाहासाठी महिना १०,००० रुपयांपर्यंत आदेश मिळतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरूनही मार्गदर्शन मिळतं.

पण ‘अटीवर’ हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबर २०२२ च्या सुदेश छिकारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अट असल्याचं दिसलं पाहिजे. २ जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला आणि बक्षीसपत्र रद्द केलं, पण तिथे मुलाने सांभाळाचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. टाइप होऊन आलेल्या मसुद्यात तर ‘प्रेमापोटी, कोणत्याही अटीविना’ असं छापील वाक्य होतं. हे वाक्य अशा बहुतेक मसुद्यांत असतं. ते वाचून न खोडता सही करणं म्हणजे कलम २३ चं दार स्वतःच्या हाताने लावून घेणं.

याहून बारीक गोष्ट अशी. कलम २३ चा आधार मुख्यतः देणाऱ्याला आहे. आप्पांनी धाकट्याला अट घालून दिलं आणि आप्पाच गेले, तर ते रद्द करून घ्यायला माय कितपत उभी राहू शकेल यावर वाद होईल, कारण देणारी ती नाही. म्हणून क्रम उलटवला. आप्पांनी विहिरीच्या ३ एकरांतले दीड एकर आणि राहतं घर आधी मायला नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिलं. बायकोलाही मुद्रांक शुल्क तेच २०० रुपये. आता पुढे कोणाला काही द्यायचं तर ती देणारी असेल, आणि अट तिची असेल.

लक्ष्मीमुक्तीने नाव लावलं असतं तरी चाललं नसतं का, असा प्रश्न ताईने विचारला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्या मोहिमेतून बायकांची नावं सातबाऱ्यावर आणली, सरकारने १९९२ मध्ये परिपत्रक काढलं, आणि खानदेशातल्या पुष्कळ बायांना त्यामुळे पहिल्यांदा कागदावर जागा मिळाली. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण फेरफार हा महसुलाचा कागद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. वाद होण्याची शक्यता असलेल्या घरात नोंदणीकृत दस्तच करावा.

विसरभोळेपण आणि मृत्युपत्र

उरलेले दीड एकर, एकत्रातला स्वतःचा एकर, शेअर आणि ठेवी यांसाठी मृत्युपत्र. एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० खाली मृत्युपत्राने देता येतो. घाई इथे खरोखर होती, कारण आप्पांची आठवण. विस्मरणाचं निदान झालं म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही असं नाही. आपण काय करतोय, आपलं काय आहे, कोणाला देतोय, हे त्या वेळी समजलं पाहिजे. आप्पांना तारीख सांगता येत नव्हती, पण गट नंबर, बांधाचे शेजारी आणि विहिरीला पाणी किती हातांवर लागलं हे सगळं सांगता येत होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून तसं लिहून दिलं.

मुखत्यारपत्र करून ठेवू, पुढचं पुढे, असं धाकटा सुचवत होता. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूने संपतं हे लोकांना माहीत असतं. त्याची समज गेली तरी ते संपतं, हे नसतं. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं त्याच दिवशी निरुपयोगी. नंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि दोघांनीही आप्पांची सही पाहून किंवा त्यांनी ती कबूल केल्यावर आप्पांसमोर सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे केली. साक्षीदार आप्पांपेक्षा बरेच लहान आणि वाटेकरी नसलेले निवडले: गावातले शिक्षक आणि तपासणारे डॉक्टर. लाभ होणाऱ्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर न्यायालय संशयाने पाहतं, म्हणून धाकटा त्या दिवशी कार्यालयात आलाच नाही. आप्पा मायबरोबरही गेले नाहीत. शेजारच्या गावच्या मित्राच्या गाडीत गेले.

मजकुरावर एका शब्दाचा मोठा वाद झाला. आप्पांना मायसाठी ‘हयातीपर्यंत वहिवाट’ लिहायचं होतं, म्हणजे नंतर आपोआप मुलांकडे येईल. जुनी माणसं असंच लिहितात. पण असं लिहिलं की त्याच कायद्याच्या कलम १४(२) प्रमाणे तिचा हक्क तेवढाच राहतो: राहायचं, पिकवायचं, पण आजारपणात गुंठा विकायचा म्हटला तर विकता येणार नाही. मायला पूर्ण मालक केलं तर कोणीतरी तिच्याकडून सही करून घेईल, ही आप्पांची भीती मला समजते. तरी ज्या बाईने पन्नास वर्षं घर चालवलं तिला म्हातारपणी स्वतःच्या औषधासाठी मुलांची परवानगी लागावी, हे मला पटत नाही. शेवटी ठेवी आणि निम्मे शेअर ‘पूर्ण मालकी हक्काने’ मायला लिहिले. उरलेले शेअर थोरला, ताई आणि नातू यांना. दीड एकर धाकट्याला, आप्पांचा एकर मधल्या सुनेला आणि नातवाला. ‘इतर जे काही निघेल ते मायचं’ हे वाक्य शेवटी घातलं, कारण पेटीतून आणखी काय निघेल सांगता येत नाही.

ताईने हक्कसोड केली नाही. नकारही दिला नाही. तिचा एकर धाकट्यानेच पिकवावा, पण नाव राहू द्यावं, असं म्हणाली. धाकटा दोन महिने तिच्याशी नीट बोलत नव्हता. साध्या कागदावरची किंवा नुसती नोटरी केलेली हक्कसोड चालत नाही, ती नोंदणीकृतच लागते, म्हणून घाईत सही होऊन गेली असं निदान झालं नाही.

एक काम राहिलं आहे. माय आता घर आणि दीड एकराची मालक आहे, पण तिच्या पश्चात वारस ठरतात ते उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ ने, आणि तिथे आधी गेलेल्या मुलाची मुलं वारस असली तरी त्याची बायको नाही. सासऱ्याच्या मालमत्तेत मधली सून वारस, सासूच्या मालमत्तेत नाही. रोज मायचं डोकं विंचरणारी, गोळ्या देणारी तीच. मायला तिच्यासाठी घरातली मागची दोन खोल्यांची बाजू लिहून ठेवायची आहे, आणि त्यासाठी मायचं स्वतःचं मृत्युपत्र लागेल. मसुदा तयार आहे. थोरला दिवाळीला सुरतहून आल्यावर त्याला सांगून करू असं ती म्हणते. तिला सांगितलं आहे की त्याला सांगणं ही तिची मर्जी आहे, कायद्याची गरज नाही, आणि दुय्यम निबंधकांचं कार्यालय दिवाळीच्या आधीही उघडं असतं.